जुन्या सोळा-तेराचं इंजिन: बांधायचं की बदलायचं

२२ सप्टेंबर २०२५, सोमवार. वडाळा ट्रक टर्मिनल

गाडी टाटा एलपीटी १६१३, मॉडेल २००८, सातारा पासिंग, आरसी काकांच्या नावावर. इंजिन टाटा कमिन्स ६बीटी, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, मायकोचा इनलाइन पंप. टर्बो आहे, इलेक्ट्रॉनिक काहीही नाही. गाडी अजून ठेवण्याचं अर्धं कारण तेच.

तक्रार जुनीच, पण आता दुर्लक्ष करण्यासारखी राहिली नाही. भरलेली गाडी खंबाटकीत दुसऱ्या गिअरवर येते. साताऱ्याहून वडाळ्यापर्यंत ऑईल काठीवर खालच्या खुणेला लागतं. सकाळी स्टार्ट केली की निळा धूर, आणि ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारा, पाइप चेसिसवर ऑईल थुंकतो. ड्रायव्हरचं म्हणणं, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय, शेठ, इंजिन गेलं.’ काकांचं म्हणणं, ‘दिवाळी काढू दे, मग बघू.’

वस्तादांनी, म्हणजे गॅरेजच्या मुख्य मिस्त्रींनी, गाडी चालू ठेवून ऑईल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. दोन-तीन वेळा थडथडलं आणि उडून खाली बंपरवर पडलं. रिंगांमधून गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोय, म्हणजेच बॅक कॉम्प्रेशन, हे कळायला एवढं पुरे. किती उतरतोय आणि कुठल्या सिलिंडरमधून, हे मात्र त्यातून कळत नाही.

आजपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर आता सरसकट १८ टक्के. पिस्टन, रिंगवर कालपर्यंत २८ होते. आम्ही जीएसटीचं क्रेडिट घेत नाही, म्हणजे हे दहा टक्के आमच्या खिशातले. काकांना दिवाळीपर्यंत थांबायचं होतं, त्यांना मी हेच सांगितलं: थांबायचं ते कालपर्यंत थांबलो, आता थांबण्यात फायदा नाही.

२४ सप्टेंबर

इंजिन उतरवायच्या आधी बाकीचे संशयित बाद केले. एअर फिल्टर बदलून बघितला, फरक नाही. टर्बोचा आत येणारा होज काढून शाफ्ट हलवून पाहिला. थोडा खेळ आहे, पण पंखा हाउसिंगला घासत नाही. बाहेर जाणाऱ्या होजमध्ये ऑईलचा नुसता ओलावा. हे बघणं महत्त्वाचं, कारण टर्बोची सील गेली तरी निळा धूर येतो आणि लोक त्यापायी अख्खं इंजिन खोलून बसतात.

मग चालू इंजिनवर एकेका नोझलच्या (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) पाइपाचा नट ढिला करत गेले. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडलं की इंजिनाचा आवाज बसतो, तो सिलिंडर काम करतोय. तिसऱ्याचा आणि पाचव्याचा नट ढिला केला तेव्हा आवाजात जवळजवळ काहीच फरक पडला नाही. नोझलच्या भोकात गेज लावून कॉम्प्रेशन घेतलं: चार सिलिंडर ३३० ते ३५० पीएसआय, तिसरा २४०, पाचवा २१०. दोन सिलिंडर नुसते ओझं म्हणून फिरतायत. चार सिलिंडरवर घाट चढवायचा म्हटल्यावर दुसरा गिअर लागणारच.

२६ सप्टेंबर

दोन दिवस फोन आणि फेऱ्या. रस्ते चार.

नवीन इंजिन: विचारून ठेवलं, पाच लाखांच्या वर. सतरा वर्षांच्या गाडीत ते घालणं म्हणजे गाडीच्या किमतीचं इंजिन गाडीत बसवणं. आणि नव्या गाड्यांचं बीएस-६ इंजिन या गाडीत बसतच नाही. त्याचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक), वायरिंग, सायलेन्सरमधली यंत्रणा, सगळंच वेगळं.

कंपनीचं रिकंडिशन्ड इंजिन: टाटाची ‘प्रोलाइफ’ योजना आहे, जुनं द्या आणि कंपनीने बांधलेलं घ्या. कोटेशन २,८५,०००, जुन्या इंजिनाचा ब्लॉक आणि क्रँक फुटलेला नसेल तर. वॉरंटी मिळते. गाडी आठवड्याभरात रस्त्यावर.

तोडलेल्या गाडीचं इंजिन: कुर्ल्याला सीएसटी रोडकडच्या एका गाळ्यात तीन ६बीटी बघितली. १,३५,००० सांगितले, घासाघीस केली तर १,२५,००० ला सुटेल. गाळेवाल्याने एक चालू करून दाखवलं. थंड इंजिन, दोन मिनिटं. झाकण उलटं ठेवून बघू का विचारलं तर म्हणाला, ‘घ्यायचं असेल तर बघा.’ बिलावर ज्या गाडीतून काढलं तिचा चेसिस नंबर लिहून द्या म्हटलं, तर ‘नंतर देतो’. तिथेच विषय संपला. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात गंजणार, आणि आम्ही तारखा मोजणार.

आपलंच बांधायचं: वस्तादांचा अंदाज १,१०,०००, ‘खोलल्यावर काय निघेल त्यावर’. या शेवटच्या शब्दांना खरं वजन आहे. खोलायच्या आधी जो नक्की आकडा सांगतो त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही.

कागदांचा मुद्दा कुणी किमतीत धरत नाही. इंजिन बदललं की इंजिन नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२, आरटीओकडे अर्ज, आरसीवर नवा नंबर. गाडीवर पतसंस्थेचा बोजा आहे, म्हणजे त्यांचं संमतीपत्रही आलं. इन्शुरन्समध्येही नंबर दुरुस्त करून घ्यायचा. आपलाच ब्लॉक बांधला तर नंबर तोच, यातलं काहीच नाही.

मी तुलना वेगळ्या पद्धतीने मांडली. इंजिन कुठलंही बसवा, उतरवणं-चढवणं, क्लच, माउंटिंग, ऑईल, कूलंट, होज हे लागणारच. हा सगळा खर्च चारही रस्त्यांना सारखा. तो बाजूला ठेवला की राहतं ते खरं अंतर. तोडलेल्या गाडीच्या इंजिनाला निदान पॅकिंग (सांध्यांतली गॅस्केटं) आणि पंप-नोझल धरले की ते १,६०,००० च्या पुढे जातं, आणि आत काय आहे ते तरीही कुणाला माहीत नाही. काकांना हे पटलं. बांधायचं ठरलं.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडीला हार, बॉनेटवर हळदी-कुंकू, स्टिअरिंगला झेंडू. पूजा इंजिनाची जास्त आणि चाकांची कमी. काम बंद.

४ ऑक्टोबर

इंजिन उतरवलं. रेडिएटर, पंखा, पुढची जाळी, सायलेन्सरचा पाइप काढून चेन-कप्पीला टांगलं. अंगावरच्या लवाजम्यासकट साडेचार-पाचशे किलोचं धूड, त्यामुळे घोडी आणि कप्पी वस्तादांनी आधी दोनदा तपासली. पोरांनी बोल्ट जुन्या ऑईलच्या डब्यांत वेगवेगळे ठेवले आणि डब्यांवर खडूने लिहिलं. हे करणारं गॅरेज निवडावं. जिथे सगळे बोल्ट एका घमेल्यात पडतात तिथून काम परत आलं की चार जागी गळतं.

पुढचं कव्हर उघडल्यावर वस्तादांनी मला हाक मारून बोलावलं. ‘हे बघा.’ टायमिंग हाउसिंगमध्ये बोटाच्या पेराएवढी एक डॉवेल पिन असते. हाउसिंग ब्लॉकवर जागेवर बसावं एवढंच तिचं काम. या इंजिनांत ती थरथरून हळूहळू बाहेर सरकते. आमची तीनेक मिलिमीटर बाहेर आली होती. अजून थोडी सरकली असती तर सरळ गिअरच्या दातांत पडली असती, आणि मग हाउसिंग फुटणं, कॅमचा टायमिंग सुटणं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळणं, सगळंच. ती ठोकून आत बसवली आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याचा तुकडा दाबला, म्हणजे पुन्हा बाहेर यायला जागाच नाही. खर्च जवळजवळ शून्य. तोडलेल्या गाडीचं इंजिन आणलं असतं तर ही पिन कुणी बघितली असती?

मग मोजमाप. या ब्लॉकला लायनर, म्हणजे आतल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत, बोअर (सिलिंडरचं भोक) थेट ब्लॉकच्या बिडात. टाटाच्या जुन्या ६९७ मध्ये लायनर पिस्टन किट घ्यायचं, जुने लायनर काढायचे, नवे ठोकायचे आणि विषय संपला. इथे तसं नाही. मूळ बोअर १०२ मिमी. डायल गेजने वरच्या टोकाला, जिथे पहिली रिंग थांबते, तिसरा १०२.१९ आणि पाचवा १०२.२१ निघाला, शिवाय लंबगोल. बाकीचे चार दहा-बारा पॉइंटांवर, म्हणजे १०२.१० ते १०२.१२. वरच्या कडेला नखाने ओढलं की पायरी लागते. अर्धा मिमीचं बोअरिंग मारलं की सगळे साफ होतील. पुढच्या वेळी एक मिमीपर्यंत जाता येईल, त्यानंतर मात्र स्लीव्ह.

क्रँकचे मेन जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) चकचकीत. कनेक्टिंग रॉडचा चौथा जर्नल मात्र ओरखडलेला, बेअरिंगचा पांढरा थर जाऊन तांबं दिसायला लागलं होतं. कनेक्टिंगचे जर्नल पाव मिमी अंडरसाइज, म्हणजे घासून बारीक, करावे लागणार, सहाही. एकट्यालाच मारता येत नाही का, असं काकांनी विचारलं. वस्ताद नुसते हसले.

७ ऑक्टोबर. कुर्ला

ब्लॉक, हेड, क्रँक, कनेक्टिंग रॉड टेम्पोने लेथवाल्याकडे. त्याची पहिली अट, पिस्टन आधी आणून द्या. पिस्टनवर लिहिलेल्या मापाला नाही, हातातल्या पिस्टनच्या मायक्रोमीटरवरच्या मापाला धरून बोअर मारणार. असा माणूस मिळाला तर त्याच्याशी पैशांवरून वाद घालू नये.

हेड आणि ब्लॉक दोन्ही क्रॅक टेस्टला टाकले. दीड हजारात. हेडवर दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये तडा निघाला तर बाकी सगळं काम वाया, म्हणून हा खर्च सगळ्यात आधी. तडा नाही निघाला.

क्रँक ग्राइंडिंगला एक गोष्ट मी बजावून सांगितली, कारण तिथे घाई होते: जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई होती तशीच राहिली पाहिजे. कोपरा काटकोनी झाला की क्रँक तिथूनच तुटतो. पाच-सहा हजारांच्या कामात लाखाचं नुकसान.

१० ऑक्टोबर. ऑपेरा हाऊस

पार्ट्सची खरेदी. चर्नी रोडला उतरून चालत. कुर्ल्यातही मिळतं सगळं, पण बिल, बॅच नंबर आणि बदलून देण्याचा शब्द इथे जास्त पक्का, हा माझा अनुभव.

एकाच पिस्टन किटचे तीन भाव. कंपनीच्या डब्यातलं, त्याच कारखान्याचं पण स्वतःच्या नावाच्या डब्यातलं, आणि तिसरं ‘चालतं साहेब’. पहिल्या दोनांत किमतीचा फरक बराच, वस्तूत फारसा नाही. दुसरं घेतलं. तिसऱ्याचा डबा उघडून दोन पिस्टन तळहातांवर तोलले तर वजनात फरक जाणवला. दुकानदाराने काटा काढला: एकाच सेटमधल्या दोन पिस्टनमध्ये चौदा ग्रॅमचं अंतर. सहा सिलिंडरचं इंजिन त्याने थरथरणारच. डबा परत फळीवर गेला.

डब्यांवर छापील किंमत जुनी, २८ टक्क्यांची. बिल मात्र १८ ने लावायचं. पहिल्या दुकानात ‘हा जुना स्टॉक आहे’ म्हणून जुनाच भाव सांगितला. शेजारच्या दुकानात काही न बोलता नव्या दराने बिल झालं. खरेदी तिथेच.

पिस्टन-रिंग-पिन सहाचा सेट ३३,६००. मेन, कनेक्टिंग आणि थ्रस्ट बेअरिंग ९,४००. फुल पॅकिंग सेट आणि ऑईल सील ८,७००. व्हॉल्व्ह, गाइड, सीट ७,९००. ऑईल पंप ५,२००. वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज ६,३००. एकूण ७१,१००, करासह. ऑईल पंप जुना चालला असता असं वस्ताद म्हणत होते. मी बदलला. नव्या बेअरिंगांना पहिल्या दिवसापासून दाब कमी मिळू नये, एवढीच इच्छा.

१४ ऑक्टोबर

काकांशी पंपावरून वाद. ‘पंपाला काय झालंय? गाडी चालत होती ना?’ पंप आणि नोझल मिळून २४,५००, म्हणजे पिस्टनच्या पाऊणपट. त्यांचा विरोध मला कळतो. पण पाचव्याची नोझल टेस्ट बेंचवर लावून दाखवली. चांगली नोझल बारीक धुक्यासारखी फवारते आणि कट्कन तुटते. ही पिचकारी मारत होती, आणि हात थांबवल्यावर टोकाला डिझेलचा थेंब लटकून राहत होता. हा थेंब पिस्टनच्या डोक्यावर जळतो, भिंतीवरचं ऑईल धुऊन काढतो, आणि तिथेच रिंगा झिजतात. पाचवा सिलिंडर सगळ्यात जास्त का झिजला याचं उत्तर बेंचवर समोर होतं. तीच नोझल परत लावायची तर पिस्टन नवे टाकायचे कशाला? काका काही बोलले नाहीत, बाहेर जाऊन चहा सांगून आले. म्हणजे मंजूर.

टर्बोचा कोर दुरुस्तीला दिला, ११,०००. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट १२,४००. क्लच अजून वर्षभर गेला असता, पण त्याच्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे पुन्हा मजुरी.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

हाफ इंजिन (हेडशिवायचं) बांधून झालं. ब्लॉक रॉकेल आणि साबणाच्या पाण्याने धुतला, ऑईलच्या वाटा ब्रशने आणि हवेने साफ केल्या. होनिंगची, म्हणजे बोअरवर बारीक रेघा मारताना निघालेली, पूड आत राहिली तर ती नव्या बेअरिंगांना सॅंडपेपर. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून ते पांढरंच बाहेर येईपर्यंत वस्तादांनी पुढचं काम सुरू केलं नाही.

प्रत्येक रिंग बोअरमध्ये एकटी उतरवून तिची फट मोजली. मेन कॅपचे बोल्ट तीन टप्प्यांत, शेवटी १७६ न्यूटन मीटर. पोरगा पान्याचा ‘टक्’ आवाज आला की आकडा मोठ्याने म्हणायचा आणि बोल्टवर खडूची रेघ मारायचा. प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघायचा. सातवी कॅप आवळल्यावरही एका हाताने फिरला.

संध्याकाळी गॅरेज बंद. लेथवाला गावी, पोरं गावी. भाऊबीज होईपर्यंत इथे कुणी सापडणार नाही. दिवाळीचं भाडं गेलं ते गेलं.

२७ ऑक्टोबर

हेड बसवलं, टॅपेट लावले, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवली, इनटेक पाव मिमी, एक्झॉस्ट त्याच्या दुप्पट. इंजिन गाडीत. टर्बोच्या ऑईल लाइनमध्ये आधी ऑईल ओतलं, मग डिझेल बंद ठेवून सेल्फ मारला, ऑईल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. मगच स्टार्ट. लगेच पकडलं. वॉटर पंपाच्या खालच्या होजला पाणी सुटलं, क्लॅम्प आवळला, बंद झालं. धूर थोडा, पांढरा, मग तोही गेला.

३० ऑक्टोबर

रनिंगवरून, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन सुरुवातीला कसं चालवायचं यावरून, टर्मिनलवर दोन पंथ आहेत. एक म्हणतो चार-पाच तास उभ्याउभ्या आयडलवर ठेवा. दुसरा म्हणतो अर्धा माल घालून लगेच रस्त्यावर काढा. माझं मत दुसऱ्या बाजूचं. रिंग बोअरला बसते ती गॅसच्या दाबाने, आणि आयडलवर तो दाबच नसतो. होनिंगच्या रेघा मग ऑईल भाजून गुळगुळीत होतात आणि नवं इंजिन जन्मभर ऑईल खातं. सहा टन माल घालून पनवेलपर्यंत आणि परत, आरपीएम वर-खाली ठेवत. एकाच वेगात ताणायचं नाही. ड्रायव्हरला वेगळं सांगावं लागलं नाही, त्याला एकाच वेगात चालवणं मुळात जमत नाही.

५ नोव्हेंबर. हिशेब

पार्ट्स ७१,१००. मशीनिंग २३,५००: बोअरिंग-होनिंग ७,२००, क्रँक ५,४००, हेड ६,८००, क्रॅक टेस्ट १,५००, बुश २,६००. पंप-नोझल २४,५००. टर्बो ११,०००. क्लच १२,४००. माउंटिंग २,३००. ऑईल, फिल्टर, कूलंट ९,८००. मजुरी ३२,०००. टेम्पो आणि किरकोळ ५,६००. बेरीज १,९२,२००.

वस्तादांनी १,१०,००० सांगितले होते आणि त्यांनी फसवलं असं मुळीच नाही. इंजिनाचे पार्ट्स, मशीनिंग आणि बांधायची मजुरी एवढंच धरलं तर त्यांचा आकडा पंधरा-वीस हजारांनीच चुकला. बाकीचं सगळं इंजिनाच्या बाहेरचं: पंप, टर्बो, क्लच, ऑईल. टर्मिनलवर ‘इंजिन एक लाखात बांधलं’ म्हणून सांगणारे हेच मोजत नाहीत. एकतर ते काम केलेलं नसतं, किंवा बिल दुसऱ्या महिन्यात येतं.

बिलात नसलेला आकडा उभ्या गाडीचा. नेहमीच्या पार्टीचा माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवला, पतसंस्थेचा हप्ता चालू, ड्रायव्हरला बसून पगार. एकूण पन्नास हजारांच्या पुढे गेलं. कंपनीचं बांधलेलं इंजिन बसवलं असतं तर यातलं निम्म्याहून जास्त वाचलं असतं. त्या २,८५,००० वर क्लच, ऑईल आणि चढवायची मजुरी धरावी लागली असती हे खरं, पण तरी दोन रस्त्यांमधलं अंतर सप्टेंबरात कागदावर वाटलं होतं त्याहून कमी निघालं. दिवाळी मध्ये आली नसती तर आमचाच रस्ता निर्विवाद स्वस्त. एकापेक्षा जास्त गाड्या असत्या, माल वळवता आला असता, तरीही हाच. एकाच गाडीवर घर चालत असेल आणि सीझन तोंडावर असेल, तर मी कंपनीचं इंजिन घ्यायला सांगेन.

१९ नोव्हेंबर

जुन्या गाड्यांच्या फिटनेस फीचे नवे दर आले. वीस वर्षांवरच्या ट्रकला २५,०००, आधी २,५०० होते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दर वर्षी लागतो, म्हणजे हा खर्चही दर वर्षीचा. आमची गाडी २०२८ मध्ये वीस वर्षांची होते. काकांनी इंजिनाचा खर्च तीन वर्षांत भागून दाखवला: महिन्याला साडेपाच हजारांच्या आत. त्यात वाचलेलं ऑईलच दोनेक हजारांचं आहे. २०२८ नंतर ठेवायची की स्क्रॅपला द्यायची, ते तेव्हाचे भंगाराचे भाव आणि तेव्हाचं बॉडीचं काम बघून.

पहिलं ऑईल बदललं. जुनं ऑईल चाळणीच्या कापडातून गाळून बघितलं, बारीक राखाडी गाळ, चकाकणारा कण एकही नाही. ब्रीदर कोरडा. वॉटर पंपाचा होज पुन्हा एकदा आवळला. टॅपेट पुढच्या रविवारी, इंजिन पूर्ण थंड असताना. वस्तादांनी सकाळी सातला यायला सांगितलंय.